काळा ठिपका

[पडद्यावर: मानेची उभी एमआरआय प्रतिमा, करड्या रंगात]

मधोमध खाली उतरणारा हा करडा पट्टा म्हणजे मज्जारज्जू. जाडी साधारण बोटाएवढी.

असे रुग्ण अपघात विभागात नेहमी येतात. वय सत्तरीच्या आसपास. न्हाणीघरात पाय घसरला, हनुवटी आपटली, मान मागे झटकली. सीटी स्कॅनमध्ये एकही हाड मोडलेलं नाही. पाय हलतात, पण हातात पेला धरवत नाही.

हाड शाबूत, मग हात का गेले?

[जुन्या पद्धतीची रेखाकृती: मज्जारज्जूचा आडवा छेद]

१९५४ साली अमेरिकेत रिचर्ड श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखापतीचं वर्णन केलं. मज्जारज्जूच्या गाभ्यात रक्तस्राव होतो. हातांकडे जाणारे तंतू आतल्या बाजूला, म्हणून आधी हात जातात. आकृती इतकी सुबक, की पुढची कित्येक वर्षं तीच शिकवली गेली. सुबक आकृत्यांवर शंका घ्यायला कुणाला सवड असते?

१९९२ मध्ये मायामीच्या संशोधकांनी अशा रुग्णांचे एमआरआय पाहिले, काही मृत रुग्णांचे मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गाभ्यात रक्त नव्हतंच. इजा होती कडेच्या पांढऱ्या भागात, तिथले तंतू तुटले होते.

[पडद्यावर: दोन प्रतिमा शेजारी-शेजारी]

रक्त नाही, हे एमआरआयला कसं कळतं? ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हे १९३६ मध्येच दाखवलं होतं, एमआरआय यंत्राचा पत्ताही नव्हता तेव्हा. मज्जारज्जूत साचलेलं रक्त काही तासांत ऑक्सिजन गमावतं, आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, आणि टी-टू प्रतिमेत, म्हणजे पाणी पांढरं दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेत, तिथे काळा डाग उमटतो. सूज म्हणजे पाणी. ते पांढरं चमकतं.

डावीकडची प्रतिमा नुसती पांढरी. उजवीकडे पांढऱ्याच्या पोटात काळा ठिपका. डॉक्टरांची नजर आधी तो ठिपका शोधते, कारण सूज ओसरू शकते. रक्तस्रावाने चिरडलेला भाग सहसा परत येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये मांडलेली, इजेची तीव्रता मोजणारी 'बेसिक' नावाची श्रेणी यावरच उभी आहे. शून्य म्हणजे आडव्या छेदात काहीच न दिसणं, चार म्हणजे सुजेत रक्त.

एक अडचण मात्र आहे. सूज पहिले दोन-तीन दिवस वर-खाली पसरत राहते. दुखापतीनंतर चार तासांनी काढलेली प्रतिमा आणि तिसऱ्या दिवशीची प्रतिमा एकाच माणसाच्या वाटणार नाहीत. म्हणून अहवालावर तारखेसोबत वेळही हवी.

[एमआरआय कक्षाचं दार]

आत जाण्याआधी लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर बाहेर, पेसमेकरची चौकशी, आणि मान न हलवता रुग्णाला चौघांनी मिळून उचलायचं. यात वेळ जातो. मज्जारज्जू दाबला गेला असेल, तर तो चोवीस तासांच्या आत मोकळा करण्याकडे आज सर्जनांचा कल असतो. त्यामुळे रुग्णाचा श्वास किंवा रक्तदाब डळमळत असेल, तर काही वेळा एमआरआय थांबतो.

[नियंत्रण कक्ष. पडद्यावर एकामागून एक आडवे छेद]

पांढरा. पांढरा. पुन्हा पांढरा. काळं कुठेच नाही.

डॉक्टर उठतात, टाचणी आणि कापसाचा बोळा घेतात आणि रुग्णाच्या खाटेपाशी जातात. बोटांपासून सुरुवात.

"काका, डोळे मिटा. टोचतंय की नुसता स्पर्श होतोय, सांगा."