दोर तिथे चाकू

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, आजचा जाहीर विषय ‘बचावकार्यातील चाकूची निवड आणि वापर’ असा आहे. परंतु त्याआधी एक तक्रार मांडणे मला अत्यावश्यक वाटते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की ४३ फुटांची धोका पातळी केव्हा येणार याचा हिशेब कोल्हापुरात घरोघरी सुरू होतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या श्रोत्यांना पुराचे वर्णन मी काय सांगावे? त्या पुरांनंतर गावोगावच्या मंडळांनी लाइफ जॅकेट, टॉर्च, शिट्ट्या आणि दोरांची वेटोळी जमवली; तो दोर कापायचे साधन मात्र बहुतेक ठिकाणी नाही.

साहित्यवाटपाच्या एका बैठकीत मी यादीत चाकू सुचवला, तेव्हा ‘हत्यारे कशाला वाटायची?’ असा प्रश्न आला, आणि पाठोपाठ ‘घरटी कोयता आहेच की!’ असा सल्लाही. मी मागत होतो ते पाते जेमतेम तीन इंचांचे आणि टोकाला बोथट होते. उसाच्या फडात कोयत्याला तोड नाही. पण कोयता घाव घालून काम करतो, आणि रबरी बोटीत हात उगारला तर दोराआधी बोट फाटण्याची भीती असते. गोठ्यात पाणी शिरून म्हैस ओढ घेऊ लागली, की दाव्याची ओली गाठ अशी आवळते की ती बोटांनी सुटत नाही. बिथरलेल्या जनावराच्या मानेलगत, पाण्याखाली, कोयता कोण चालवणार? शिरोळकडच्या मंडळींना हे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. कंबरेला दोर बांधून कोणी प्रवाहात उतरला आणि काठावरच्यांनी दोर घट्ट धरून ठेवला, तर तोच रेटा त्याला पाण्याखाली दाबतो. म्हणून वाहत्या पाण्यात दोर अंगाला बांधू नये, आणि दोर हाताळणाऱ्या प्रत्येकाजवळ चाकू असावा.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, तेव्हा मूळ विषय थोडक्यात उरकतो. टोक बोथट असावे, म्हणजे रबरी बोट आणि अडकलेला माणूस दोघेही वाचतात. धारेचा काही भाग करवतीसारखा दातेरी असावा, कारण ओला दोर त्यावरून निसटत नाही. पुरासाठी न मिटणारे पाते बरे, कारण घडीच्या सांध्यात गाळ बसतो. ते जॅकेटवर छातीशी असावे, आणि दोन्हींपैकी कोणत्याही हाताने एका हिसक्यात म्यानातून निघावे. कड्यावर दोराने उतरणाऱ्यांना मात्र घडीचा, कॅराबिनरला म्हणजे दोर अडकवायच्या झडपेच्या कडीला लावता येणारा चाकू सोयीचा. तेथे भार असलेल्या दोराजवळ उघडे पाते नेऊच नये, कारण ताणलेला दोर पाते टेकताच तुटतो. पुरातून आल्यावर चाकू आणि म्यान दोन्ही धुऊन, वाळवून ठेवावे.

टेबलावर असा एक चाकू आणि भिजवलेल्या दोराचे तुकडे ठेवले आहेत. जाण्यापूर्वी प्रत्येकाने एक तुकडा डाव्या हाताने कापून पाहावा; डावखुऱ्यांनी उजव्या.