देवाला जाब विचारावा का? तुकोबा आणि चोखोबांचे अभंग काय सांगतात

नमस्कार. घरात मोठे आजारपण येते किंवा अगदी जवळचे माणूस अचानक जाते, तेव्हा देवघरासमोर हात जोडताना ‘हे माझ्याच वाट्याला का?’ असा प्रश्न मनात उभा राहतो. पण तो विचारणे म्हणजे पाप, असे वाटून आपण तो गिळून टाकतो. या गिळलेल्या प्रश्नाविषयी आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी देहूपासून सुरुवात करू.

१६३० साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि तो १६३२ पर्यंत टिकला. इंद्रायणीकाठी तुकोबांचे घर वाणसौद्याचे, महाजनकीचे, खाऊनपिऊन सुखी. दुष्काळात पैसा गेला, पत गेली आणि पहिली पत्नीही गेली. स्वतः तुकोबा सांगतात: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ या ओळीत उपमा नाही, सांत्वन नाही, देवाच्या इच्छेचा दाखलाही नाही. ‘अन्न’ हा शब्द दोनदा येतो, इतकेच.

याच तुकोबांचा ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंगही आहे, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी बहुधा तोच ऐकवतात. मला हे खटकते. दिवाळे निघाले ते बरे झाले, असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे दिवाळे निघाले त्यालाच असतो, आणि तोही त्याच्या वेळेला. तेराव्याच्या आधी शेजाऱ्याने येऊन तो बजावायचा नसतो.

कारण गाथेत आणखी एक ओळ आहे, जी सांत्वनाला आलेले कोणी म्हणत नाही: ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥’ पुढे तुकोबा म्हणतात की आता मी त्याच्याशी बोलत नाही, त्याचे नावही घेत नाही. नाव घेणार नाही हेदेखील त्यांनी अभंगातच सांगितले, आणि वारकऱ्यांनी हा अभंग गाथेतून गाळला नाही. संप्रदायाला या शब्दांची भीती वाटली असती, तर ते आपल्यापर्यंत पोचलेच नसते.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण शंका घेतो तेव्हा बहुधा देवाविषयी बोलतो: तो न्यायी आहे का, तो ऐकतो का, तो आहे तरी का. संत मात्र बहुतेक वेळा थेट त्याच्याशी बोलतात, आणि तेही ‘तू’ म्हणून. जनाबाई तर विठोबाला सरळ शिव्या घालतात. ज्याच्याशी नाते उरले नाही त्याच्याशी कोणी असे भांडत नाही. ते भांडण सासरहून आलेल्या लेकीने आईशी भांडावे तसे असते.

तेव्हा रोजच्या स्तोत्रानंतर दोन मिनिटे आपल्या साध्या बोलीत बोलावे. रागावलो असू तर तसे सांगावे, विश्वास बसत नसेल तर तेही त्यालाच सांगावे. शब्द सुचत नसतील तर गाथा उघडावी. करुणापर अभंग त्यासाठीच आहेत.

आता अवघड भाग. विचारूनही उत्तर आले नाही तर? मंगळवेढ्याच्या चोखोबांना अस्पृश्य म्हणून विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते. त्यांनी विचारले: ‘हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा ॥ मज दूर दूर हो म्हणती । तुज भेटूं कवण्या रीती ॥’ हा प्रश्न माणसांच्या क्रौर्याविषयी असला, तरी तो देवापुढे मांडलेला आहे, आणि त्यात नम्रतेपेक्षा टोचणी जास्त आहे, असे माझे मत आहे. चोखोबांच्या हयातीत दार उघडले नाही. त्यांची समाधीही महाद्वारासमोर, बाहेरच आहे.

शतकानुशतके वारकरी ही ओळ त्याच दारासमोर म्हणत राहिले आणि दार बंदच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, आणि त्यानंतर ते दलितांसाठी उघडले.