निसर्गाच्या दारातील इमारत

नमस्कार, श्रोतेहो.

एखाद्या अभयारण्यात किंवा दरीच्या तोंडाशी पर्यटक माहिती केंद्र बांधायचे ठरले की चर्चा बहुधा इमारत कशी दिसावी इथूनच सुरू होते. मला वाटते, त्याआधी भिंतींच्या आत नेमके काय असायला हवे हे ठरवावे. कारण जे उघड्यावर भागते त्यासाठी पाया खणावा लागत नाही आणि वीजही लागत नाही.

अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानाचे केंद्र 2000 मध्ये खुले झाले. तिथे प्रदर्शनाचा मोठा भाग सावलीत, पण बाहेर मांडला आणि त्यामुळे मूळ इमारतच लहान झाली. कोरड्या, कडक उन्हाळ्यासाठी तिथे उंच मनोरे आहेत. माथ्यावरच्या ओल्या जाळ्यांतून शिरणारी हवा पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड होते, थंड झाल्याने जड होते आणि पंख्याशिवाय आपोआप खाली उतरून दालनात पसरते. हिवाळ्यासाठी दक्षिणेकडील जाड भिंतीसमोर काच बसवली आहे. दिवसभर साठलेली उन्हाची ऊब भिंतीतून हळूहळू आत झिरपते. मात्र हेच मनोरे दमट किनाऱ्यावर उभारले तर ते निव्वळ शोभेचे ठरतील, कारण आधीच बाष्पाने भरलेल्या हवेत पाणी सुकतच नाही. अशा इमारतीची नक्कल करता येत नाही, ती जिथल्या तिथेच सुचावी लागते, हे मी आग्रहाने सांगेन.

बांधकामाच्या साहित्याच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वे राष्ट्रीय उद्यानाचे केंद्र मला फार मोलाचे वाटते. वास्तुविशारद पीटर रिच यांच्या या रचनेला 2009 मध्ये जागतिक वास्तुकला महोत्सवात सर्वोत्तम इमारतीचा मान मिळाला. तिची कमानदार छते तिथल्याच मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या, न भाजलेल्या पातळ फरशांची आहेत, आणि त्या फरशा परिसरातील लोकांनीच तयार केल्या. छताचा भार कमानीच्या वळणातून दाबाच्या रूपाने खाली जातो, त्यामुळे त्यात लोखंडी सळयांची गरज उरत नाही. भट्टी नाही, म्हणून जळण नाही. शिवाय फरशी घडवण्याचे कौशल्य आणि मजुरी दोन्ही गावातच राहतात.

उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे या खडकाळ किनाऱ्यावरील केंद्राने 2012 मध्ये बेसॉल्टचे खांब आणि गवताचे छप्पर यांच्या आधारे जमिनीच्या उतारात स्वतःला सामावून घेतले, तेही पाहण्याजोगे आहे.

तरीही इमारत कितीही काटकसरी असली, तरी तिच्यापर्यंत येणारी वाहने ती सारी बचत फस्त करू शकतात. झायनमध्ये 2000 मध्येच शटल बस सुरू झाली. तेव्हापासून गर्दीच्या हंगामात दरीतील मुख्य निसर्गरम्य रस्ता खासगी गाड्यांना बंद असतो आणि पर्यटक केंद्राजवळूनच बसमध्ये चढतात. म्हणून अशा केंद्राच्या नकाशात बसथांब्याची जागा मी प्रवेशद्वाराच्याही आधी निश्चित करीन.