खडूच्या टेकडीवरचं गवत

चिल्टर्न टेकड्या, इंग्लंड. ॲस्टन रोवंटच्या राखीव क्षेत्रात एम-४० महामार्ग डोंगर कापून जातो, आणि त्या कापात डोंगराचं पोट दिसतं. पांढराफेक खडू! डायनासोरांच्या काळी इथे समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शेवाळांची कवचं तळाशी साचली, त्यांचाच हा दगड.

खडूवर मातीचा थर अगदी पातळ. पाऊस पडला की पाणी झिरपून जातं, मातीत कसही नाही. शेतीला ही जमीन नकोशीच. पण कसदार मातीत दांडगं गवत माजतं आणि बाकीच्यांना दडपून टाकतं. इथे कुणालाच माजता येत नाही. म्हणून अशा गवताळ उतारावर एका चौरस मीटरमध्ये वनस्पतींच्या ४० पर्यंत जाती नांदू शकतात. गुडघे टेकून पाहा. हा थाइमचा वास. ही पिवळ्या मुंग्यांची गवताळलेली वारुळं. आणि उन्हाळा सरताना फुलणारं हे जांभळं चिल्टर्न जेन्शियन.

डोक्यावर दुभंगलेल्या शेपटीची लाल घार. माणसाने १९व्या शतकात इंग्लंडमधून ती संपवली होती. १९८९पासून बाहेरून, बहुतांशी स्पेनमधून, पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, आणि ती इथे रुजली.

गवताची गोष्ट मात्र जास्त नाजूक आहे. ते शतकानुशतकं टिकलं मेंढ्या आणि सशांच्या दातांमुळे. १९५३मध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोचला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक ससे मेले. गवत उंच झालं, मागोमाग काटेरी झुडपं आली. फटका बसला तो सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर या इवल्या फुलपाखराला. त्याची मादी शीप्स फेस्क्यू या बारीक गवतावर एकेक अंडं घालते, तेही उघड्या खडूच्या लगत, जिथे जमीन उन्हाने तापते. उंच गवताच्या सावलीत तिला जागाच उरली नाही. कितीतरी टेकड्यांवरून हे फुलपाखरू नाहीसं झालं.

इथे ते आजही उडतं, कारण माणसं राबतात. मेंढ्या चारतात, झुडपं तोडतात. नुसतं कुंपण घातलं असतं, तर एव्हाना इथे रान माजलं असतं. पण सगळी टेकडी एकदम चारूनही चालत नाही. स्किपरला आखूड गवत हवं, काही टोळांना आणि गोगलगायींना उंच. म्हणून यंदा कुठल्या उतारावर मेंढ्या सोडायच्या आणि कुठला राखायचा, हे दर हंगामात नव्याने ठरवावं लागतं.