ठेच लागते तेव्हा

[दृश्य: सकाळची घाई. घराचा उंबरठा. अनवाणी पाऊल आत येतंय.]

ठक्!

थांबा, चित्र इथंच थांबवू या. डाव्या पायाचा अंगठा उंबरठ्यावर आपटलाय. आपटल्याचं कळलंय, एक बारीक चमकही येऊन गेलीय आणि पाय तर केव्हाच वर उचलला गेलाय. पण खरी कळ अजून यायची आहे. बघा, या गृहस्थांनी दातओठ आवळलेत. त्यांना अनुभवानं ठाऊक आहे, ती येणार.

[एक सेकंद शांतता.]

“आई गं!”

आली. या मधल्या एका सेकंदात त्यांच्या मज्जासंस्थेचा जवळजवळ प्रत्येक भाग कामाला लागला होता. तोच सेकंद आपण सावकाश बघणार आहोत.

बातमी एकच, पण ती अंगठ्याकडून तीन वाटांनी निघाली. ‘काहीतरी लागलं’ हा स्पर्श जाड तंतूंमधून सेकंदाला पन्नासेक मीटर वेगानं गेला, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. बारीक चमक त्याहून हळू, सेकंदाला ५ ते ३० मीटर. आणि ठसठसणारी, रेंगाळणारी कळ ज्या तंतूंमधून येते, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. रमतगमत फिरायला निघालेला माणूस याच वेगानं चालतो. ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ असं आपण रागाबद्दल म्हणतो. खरोखरीच्या आगीला या प्रवासात सेकंदाहून जास्त वेळ लागतो.

[दृश्य: तंतूचं रेखाचित्र. त्याभोवती पांढरट वेष्टन, मध्ये मध्ये उघड्या जागा.]

वेगातला हा फरक कशामुळे? जलद तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असतं आणि ते मध्ये मध्ये तुटलेलं असतं. विजेचा संदेश एका उघड्या जागेवरून थेट पुढच्या उघड्या जागेवर उडी घेतो. फास्ट लोकल जशी मधली स्टेशनं सोडते, तसं. संथ तंतूंवर हे वेष्टनच नाही, त्यामुळे संदेशाला तसूतसूनं सरकावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा वेग मोजता येईल, असं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत नव्हतं. जर्मनीतले योहानेस म्युलर त्यांपैकी एक. त्यांचाच शिष्य हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यानं १८५० मध्ये बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेतला. स्नायूजवळ आणि स्नायूपासून लांब, अशा दोन ठिकाणी त्याला विजेचा झटका दिला आणि स्नायू आखडायला किती उशीर होतो ते मोजलं. उत्तर आलं, सेकंदाला सुमारे २७ मीटर. मन आणि शरीर यांच्यामध्ये वेळ जातो, हे त्या बेडकानं दाखवून दिलं.

आता एक शब्दाचा घोळ. आपण ‘नस दबली’ म्हणतो आणि ‘नस फुगली’ही म्हणतो. दबते ती मज्जा, म्हणजे शेकडो-हजारो तंतूंची जुडी. फुगते ती रक्तवाहिनी. कोपर टेबलाच्या कडेला आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या पहिल्या प्रकारच्या नसेमुळे. ती तिथं अगदी कातडीखालून जाते. ही नस लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

[दृश्य: अंगठ्यापासून पाठीकडे सरकणारी प्रकाशरेषा.]

अंगठ्याकडून स्पर्शाची बातमी आणणारी चेतापेशी ही एकच पेशी आहे. तिचा गाभा पाठीच्या कण्यालगत आहे, नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसेल न दिसेल एवढा. पण तिचा एक धागा खाली अंगठ्यापर्यंत आणि दुसरा वर थेट मेंदूच्या देठापर्यंत गेलेला. उंच माणसात ही एक पेशी दीड मीटरच्या आसपास लांब भरते.

हे धागे कण्याच्या पोकळीतल्या मेरुरज्जूत शिरतात. मेरुरज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे तो कण्याच्या टोकापर्यंत पोचतच नाही, कमरेच्या वरच संपतो. त्याखाली नुसत्या मोकळ्या मज्जांचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सिझेरियनच्या आधी भुलीचं इंजेक्शन कमरेत खाली देतात ते म्हणूनच. तिथं सुई टोचायला मेरुरज्जूच नसतो, मोकळ्या मज्जा सुईच्या बाजूला सरकतात.

मेरुरज्जूतून मज्जांच्या ३१ जोड्या निघतात आणि थेट मेंदूतून १२. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती संस्था, आणि बाहेर पसरलेलं हे सगळं जाळं म्हणजे परिघीय संस्था. शाळेत आपण एवढं पाठ केलं. मेंदू म्हणजे राजा, असंही कुणीतरी सांगितलं. मला ते कधी फारसं पटलं नाही, आणि उंबरठ्यावरचे हे गृहस्थ बघितल्यावर तर मुळीच नाही.

[दृश्य: तोच क्षण पुन्हा, अगदी संथ गतीनं.]

डावा पाय वर गेलाय. त्याच वेळी उजवा पाय बघा. गुडघ्यात ताठ झालाय, सगळं वजन त्यानं उचललंय. तसं झालं नसतं तर ते पडलेच असते. कोणता स्नायू आखडायचा, कोणता सैल सोडायचा, हा सगळा हिशेब मेरुरज्जूनं तिथल्या तिथे केला. मेंदूला कळायच्या आत. हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. पुस्तकांत गरम तवा आणि हात दाखवतात, पण मला हा लंगडीचा प्रकार जास्त आवडतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी या क्रियांचा आयुष्यभर अभ्यास केला. दोन चेतापेशी जिथं भेटतात त्या जागेला ‘सिनॅप्स’ हे नावही त्यांनीच रूढ केलं.

भेटतात म्हणजे चिकटतात असं नव्हे. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाच्या आसपास. मग संदेश पलीकडे जातो कसा? १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ शहरात ऑटो लोवी यांना रात्री झोपेत एक प्रयोग सुचला. उठून चिठोऱ्यावर लिहिला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच पुन्हा सुचलं, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाची मज्जा चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं. तेही मंद झालं! फटीतून वीज उडी मारत नव्हती, रसायन जात होतं. पुढे ते ॲसिटिलकोलीन ठरलं. १९३६ मध्ये लोवींना नोबेल मिळालं.

आपल्या गृहस्थांच्या छातीतही आत्ता धडधड आहे, कपाळावर घाम आहे. ही स्वायत्त संस्थेची करणी. तिचा एक भाग धोक्याच्या वेळी हृदय पळवतो, दुसरा नंतर त्याला शांत करतो. तुमचं आमचं मत कुणी विचारत नाही.

[दृश्य: मेंदू, वरून आणि मग मागून.]

बातमी मेंदूत पोचली, डाव्या पायाची उजव्या बाजूला. मागचा लहान मेंदू तोल सावरतोय. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या ६,९०० कोटींच्या आसपास या लहान मेंदूतच. मोठ्या मेंदूवर सगळ्या शरीराचा नकाशा असतो. त्यात ओठ आणि बोटं ऐसपैस जागा अडवून बसलीत, आणि पाय दोन अर्धगोलांमधल्या घडीत कोपऱ्याला. त्या कोपऱ्यात आत्ता गदारोळ उडालाय. शेजारी कुठंतरी उंबरठ्याचा रागही आलाय.

आणि हात आपोआप अंगठ्याकडे गेलाय. चोळतोय. आजी लहानपणी चोळायची तसा. चोळल्यानं खरंच बरं वाटतं, आणि त्याचं कारण १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. चोळण्याचा स्पर्श जलद वाटेनं मेरुरज्जूत येतो आणि संथ कळेची वाट तिथंच अडवतो. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण मेरुरज्जूत वेदनेला अडवणारं दार आहे, ही कल्पना टिकली.

[दृश्य: तेच पाऊल, तोच उंबरठा. ठक्. पण चाल थांबत नाही.]

आता हे बघा. ठेच लागली, नखातून रक्त आलं, आणि माणूस तसाच चालत आत गेला.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जांमध्येच घर करतात, तंतूंवर मायलिनचं वेष्टन करणाऱ्या पेशींमध्ये. त्यांना थंड जागा मानवते, म्हणून कातडीजवळच्या मज्जा आधी सापडतात. मघाची कोपराची नस त्यांपैकीच. डॉक्टर ती बोटांनी चाचपतात, जाड लागते का ते बघतात. बोटं ‘झडतात’ असं लोक पिढ्यान्‌पिढ्या समजत आले. तमिळनाडूत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला रुग्णांचे हात-पाय वर्षानुवर्षं तपासले आणि सांगितलं, बोटं रोगानं झडत नाहीत. कळ येत नाही म्हणून भाजतात, चिरतात, आणि जखम झालेल्या पायावर माणूस चालतच राहतो.

मधुमेहातही हेच होतं, वेगळ्या कारणानं. तिथं सर्वांत लांब तंतू आधी थकतात, म्हणून बधिरपणा अंगठ्यापासून सुरू होऊन पायमोज्यासारखा वर चढतो. दवाखान्यात एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. १० ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. ‘लागतंय का?’ एवढंच विचारतात, डोळे मिटायला सांगून.

[दृश्य: रात्र. पलंगाच्या कडेला बसलेल्या एक आजी. खाली मऊ तळाच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपला. हातात आरसा.]

आजींना नाही लागलं. त्यामुळे रोज झोपायच्या आधी त्या चष्मा लावतात, आरसा तळव्याखाली धरतात आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत सगळं बघतात. पायाची बातमी आता डोळ्यांच्या वाटेनं जाते.

आज टाचेत बाभळीचा काटा आहे. दुपारपासून असावा. त्यांना तो आत्ता दिसला.