'आम्ही' की 'आपण'? रॉकच्या गाण्यांतलं राजकारण आणि पाणी

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची कार्यकारी मंडळी, आणि एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलेल्या तुम्हां सगळ्यांना नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय 'रॉक संगीतातील राजकारण आणि पर्यावरण'. पहिल्या रांगेतल्या दोन आजोबांनी मघाशी विचारलं, हे रॉक म्हणजे ते केस वाढवून किंचाळतात तेच का? तेच. पण ते किंचाळतात काय, ते आज ऐकायचंय. त्यासाठी माझ्याकडे एकच हत्यार आहे. ते तुमच्याकडेही आहे, रोज वापरता.

तिसऱ्या फाटकाजवळ बस अडकलीय, गाडी यायचीय, फाटक पडलंय असं समजा. कंडक्टर मागं वळून म्हणाला, "आपण आता अर्धा तास उशिरा पोचणार." कुणाला राग येत नाही, कारण तो तुमच्याबरोबर अडकलाय. तोच म्हणाला, "आम्ही उशिरा पोचणार," तर लगेच कुणीतरी विचारेल, "मग आम्हाला काय इथंच उतरवताय?" (हशा.) बघा, हसलात! म्हणजे व्याकरण कुणी शिकवायची गरज नाही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथं दोन्हीला 'वुई'. हिंदीतही 'हम' एकटाच. गुजरातीत आपल्यासारखे दोन शब्द आहेत. तमिळ आणि तेलुगूतही आहेत, आणि मराठीत हा भेद द्रविड भाषांच्या शेजारामुळे पक्का झाला असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आणि आपल्या ज्या सख्ख्या शेजाऱ्याकडून तो आला असावा असं वाटावं, त्या आजच्या कन्नडमध्ये मात्र दोन्हीला 'नावु' एवढंच. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. शेजाऱ्यानं भांडं दिलं, त्याच्या घरातलं हरवलं, आपल्याकडचं राहिलं.

माझं म्हणणं इतकंच आहे की इंग्रजी गाण्याचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर ते मराठीत आणायला बसावं. 'वुई' आला की पेन थांबतं. आम्ही की आपण? ते ठरवल्याशिवाय पुढची ओळ लिहिता येत नाही, आणि ते ठरवताना गाण्याचं सगळं राजकारण बाहेर येतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. थोडं लांबेल, पण मला ते सांगायचंच आहे.

1989 साल. मी बेळगावात कॉलेजला होतो, टिळकवाडीत खोली. खोलीतला दोस्त गोकाककडचा, घरात कन्नड बोलणारा. मराठी त्याला येत होती, आपल्या बेळगावी वळणाची. तेव्हा दुकानात कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची पद्धत होती. पण ही एक कॅसेट अस्सल होती, कुणीतरी गोव्याहून आणलेली. आत गाण्यांचे शब्द छापलेला घडीचा कागद. मिडनाइट ऑइल नावाचा ऑस्ट्रेलियाचा बँड, 1987 चा 'डिझेल अँड डस्ट' हा अल्बम, आणि त्यातलं 'बेड्स आर बर्निंग'. गाणारा पीटर गॅरेट, टक्कल केलेला, ताडमाड. त्यामुळे केस वाढवण्याचा प्रश्न तिथं मिटतो. (हशा.)

गाणं सुरू होतं तेच वाळवंटानं. ओकची झाडं, मोडक्या मोटारी, पंचेचाळीस अंश ऊन. मग येतं की वेळ आलीय, भाडं चुकतं करायचं, वाटा द्यायचा. आणि धृपद असं की बिछाने पेटलेत, झोपायचं कसं?

आम्ही दोघांनी ठरवलं, हे मराठीत आणायचं आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हणायचं. शब्दकोश काढला. मी झोकात पहिला खर्डा केला: 'आमचे बिछाने पेटले, आम्ही झोपायचं कसं?' मला वाटलं, ज्यांची जमीन गेली तेच गातायत. आपल्याकडची आंदोलनाची गाणी तशीच असतात ना? ज्याचं जळतं तो ओरडतो.

दोस्तानं कागद वाचला आणि विचारलं, "ह्यात मी हाय का नाही?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "तुझ्या 'आम्ही'त मी नाही की. मग मी कोण म्हणून गाऊ?" त्याच्या कन्नडमध्ये 'नावु' लिहिलं असतं तर तो निमूट आत बसला असता. मराठीनं त्याला दारात उभं केलं होतं.

मग आम्ही घडीचा कागद पुन्हा वाचला, आणि मी न पाहिलेला एक शब्द त्याला दिसला: 'देम'. जमीन 'त्यांची' आहे, परत देऊया, असं गाणारा म्हणतोय. ज्याची जमीन गेली तो 'त्यांची' कशी म्हणेल? म्हणजे गाणारे जमीन गमावलेले नव्हेत. ते जमिनीवर बसलेले आहेत. आणि ते आपल्यासारख्याच बसलेल्या लोकांशी बोलतायत. बिछाना पेटलाय तो बसलेल्याचा. तिथं 'आपण'च पाहिजे.

खरी माहिती पुढं पुष्कळ वर्षांनी मिळाली. पिंटुपी नावाचे मूळ रहिवासी पश्चिमेच्या वाळवंटातले. 1950 आणि 60 च्या दशकांत सरकारनं त्यांना हलवून पापुन्यासारख्या वस्त्यांत आणून ठेवलं. 80 च्या दशकाच्या सुरुवातीला ते आपणहून आपल्या मुलखातल्या किंटोरकडे परतू लागले. हा गोरा बँड 1986 मध्ये त्या वस्त्यांतून फिरला, आणि त्यातून ही गाणी आली. पण गाण्यातला 'आम्ही की आपण' आम्ही टिळकवाडीतच सोडवला होता, हे मी अजून अभिमानानं सांगतो.

तीन आठवडे तालीम केली. गिटार मिळाली नाही, ढोलकी मिळाली. दोस्ताची 'ळ' आणि 'ल' वर माझ्यापेक्षा चांगली हुकमत. (हशा.) आणि मग कार्यक्रमाच्या चार दिवस आधी निवड समितीपुढं आमचा कागद गेला. 'जमीन त्यांची आहे, परत देऊया.' समितीनं एकच प्रश्न विचारला: "त्यांची म्हणजे कुणाची?"

बेळगावात. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाला जेमतेम तीन वर्षं झालेली. त्यात गेलेल्यांचं हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक आपण सगळे जाणतो, मी वेगळं सांगत नाही. आम्ही सांगितलं, सर, हे ऑस्ट्रेलियाचं आहे. कॅसेट दाखवली. कागद दाखवला. लेखी खुलासा द्या म्हणाले, तोही दिला, दोन्ही भाषांत. गाणं काढून टाकलं. तिथं एक वाक्य ऐकलं ते अजून कानात आहे: "गाणं तिकडचं असेल, पण गाणार इकडं." त्या दिवशी मला रडू आलं. दोस्तानं ढोलकी परत केली आणि दोन दिवस तो माझ्याशीही बोलला नाही. एका मुलानं आपल्या भाषेत नसलेला शब्द कष्टानं शिकून स्वतःला त्यात बसवलं होतं, आणि त्याला व्यासपीठावर पाच मिनिटं मिळाली नाहीत. याचं दुःख मला आजही आहे. पण गाणाऱ्याची जागा बदलली की 'ते' बदलतात, हे त्या समितीनं बरोबर ओळखलं होतं. गाण्याचा असा अर्थ लावणं चूक नव्हतं. त्या अर्थाला घाबरणं चूक होतं.

याच गाण्याची पुढची गोष्ट ऐका. 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात या बँडनं हे गाणं म्हटलं, काळ्या कपड्यांवर जागोजागी 'सॉरी' छापून. मूळ रहिवाशांची अधिकृत माफी मागायला नकार दिलेले पंतप्रधान जॉन हॉवर्ड समोर बसले होते. माफी मागितली गेली 13 फेब्रुवारी 2008 ला, केविन रड पंतप्रधान असताना, आणि तेव्हा पीटर गॅरेट त्याच सरकारात पर्यावरणमंत्री होते. एक 'आपण' रंगमंचावरून संसदेपर्यंत पोचायला वीस वर्षं लागली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं उरलीत. पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचाय, तेव्हा आता भराभर जातो.

'बॉर्न इन द यू.एस.ए.', ब्रूस स्प्रिंगस्टीन, 1984. कडवी आहेत 'मी'ची. व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या माणसाची. पण धृपद स्टेडियम मूठ उंचावून म्हणतं, आणि म्हणताना ते देशाभिमानाचं 'आम्ही' होऊन जातं. त्याच वर्षी अध्यक्ष रेगन यांनी प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. कडवं एकाचं, धृपद गर्दीचं. दोन्हींचं राजकारण वेगळं असू शकतं.

आपल्याकडे याच्या उलट घडवलं अण्णाभाऊ साठ्यांनी. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड सुरू होते एका गड्याच्या 'मी'नं, घरच्या माणसाच्या विरहानं. शेवटाकडे त्या विरहात बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं येतात आणि 'माझी' मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख हे कळतं. आमच्या घरी ती म्हटली जायची तेव्हा या ठिकाणी आजोबांचा आवाज फिरायचा. हे नीट सांगायला वेगळी संध्याकाळ हवी.

पर्यावरण. बॉब डिलनचं 1962 चं 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल'. सगळ्यांनी म्हटलं, हा अणुबॉम्बचा पाऊस. डिलन म्हणाले, नाही, नुसता जोराचा पाऊस. तरी लोक अणूचाच ऐकत राहिले. कवीला विचारून अर्थाचा निकाल लागत नाही, एवढं त्यातून घ्या.

आर.ई.एम. या बँडचं 1986 चं 'कायाहोगा'. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची ही नदी, कारखान्यांच्या तेलकट घाणीमुळं जून 1969 मध्ये तिला आग लागली. पाण्याला आग! गाणं सुरू होतं ते डोकी एकत्र करून नवा देश उभारूया अशा उत्साहानं. हा 'आपण' किती गोड वाटतो. मग कळतं की इथं पूर्वी 'ते', म्हणजे तिथले मूळ रहिवासी, चालायचे, पोहायचे, शिकार करायचे. नदीला नाव त्यांचं उरलंय, ते उरले नाहीत. 'आपण' म्हणून सगळ्यांना कवेत घेणाराच कधीकधी कुणालातरी पुसून टाकतो, हे मी या गाण्यातून शिकलो. आपला बळ्ळारी नाला आठवा. सांडपाणी सगळ्या शहराचं, म्हणजे 'आपलं'. पावसाळ्यात ते ज्याच्या भातात शिरतं, तो शहापूर-वडगावचा शेतकरी मात्र एकटा 'मी'.

उलट उदाहरण दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचं, 'मा रेवा', 2000 च्या 'कंदिसा' अल्बममधलं. नर्मदेचं लोकगीत. त्यात धरण नाही, सरकार नाही, घोषणा नाही. नुसती नदीची स्तुती. पण बँडमधले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात राहिलेले, आणि तिथं लोक नदीकाठी ते म्हणत होते. बुडणाऱ्या गावात नदीची आरती म्हटली की ती आरती राजकीय होते. शब्द एकही बदलावा लागत नाही.

घंटा वाजली. शेवटची पाच मिनिटं मागून घेतो, कारण म्हादई नदी राहिलीय आणि तिच्याशिवाय मी घरी जाऊ शकत नाही.

मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. जांबोटीच्या पुढं कणकुंबी. तिथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाते. त्याच डोंगरातलं कळसाचं पाणी म्हादईला मिळून पश्चिमेकडे गोव्यात उतरतं. ते वळवून मलप्रभेत आणायचं ही कळसा-भांडुरा योजना. गोवा म्हणतो 'आमची म्हादई'. हुबळी-धारवाड म्हणतं 'आमचं पाणी'. दोघांची तहान आणि दोघांची भीती खरी आहे. आणि ज्यांच्या रानात कालवा खणला ते कणकुंबीचे लोक, घरी मराठी बोलणारे, शिधापत्रिका कर्नाटकाची, नातेवाईक गोव्यात. ते कुणाच्या 'आम्ही'त आहेत? त्यांच्यावर मी अजून एकही गाणं ऐकलेलं नाही. कुणी पोरगा गिटार घेऊन बसला असेल तर त्यानं ते लिहावं, असं मनापासून वाटतं.

ऑगस्ट 2018 मध्ये म्हादईच्या पाणीतंट्यावर लवादाचा निकाल लागला. कर्नाटकाला 13.42 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं 3.9 मलप्रभेकडे वळवण्यासाठी. त्या रात्री मला फोन आला. तोच टिळकवाडीचा दोस्त, आता हुबळीत राहतो, तिथं नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते त्यानं मला अनेकदा मोजून सांगितलंय. आनंदात होता, आणि मराठीत म्हणाला, "आपल्याला पाणी मिळालं!"

आपल्याला. तीस वर्षांनी त्यानं तो शब्द किती सहज वापरला! मला आत घेतलं होतं त्यानं. मला फार बरं वाटलं, आणि तरीही मी विचारलं, "ह्यात कणकुंबी हाय का नाही?"

फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी बघितलंच नाही ते गाव. रविवारी येतो, जाऊन बघूया."

आम्ही गेलो. धो धो पाऊस होता. कालव्याच्या कडेला एक बाई म्हशी हाकत होती. दोस्तानं तिला मराठीत विचारलं, हे पाणी कुणाचं? तिनं आमच्या दोघांच्या छत्र्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "पावसाचं." आणि म्हशी घेऊन गेली.

पाऊस थोडा ओसरला की मी पुन्हा जाणार आहे, कॅसेटमधला तो घडीचा कागदही नेणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर टेबलाशी नाव द्या. सकाळी लवकर निघू, जांबोटीत चहा घेऊ.