केंट स्टेट: हुकमाच्या आधीची जबाबदारी

४ मे १९७० रोजी अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव लष्करी दलाच्या, जवानांनी आंदोलक विद्यार्थ्यांवर १३ सेकंद गोळीबार केला. त्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गोळ्या झाडायचा हुकूम कोणी दिला? इथेच घोडं पेंड खातं. हुकूम सिद्ध झाला नाही, म्हणजे कोणीच जबाबदार नाही असं मानलं जातं. मी तुम्हाला त्या १३ सेकंदांच्या मागे नेणार आहे.

३० एप्रिल १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घातल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेतली विद्यापीठं पेटली. ओहायोतल्या केंट गावात शुक्रवारी रात्री दुकानांच्या काचा फुटल्या, तर शनिवारी रात्री विद्यापीठातली लष्करी प्रशिक्षणाची इमारत जळाली. महापौरांनी नॅशनल गार्डची मागणी त्याआधीच केली होती. जवान आले ते ट्रकचालकांच्या संपाच्या बंदोबस्तावरून, थकलेले.

रविवारी गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स पत्रकारांसमोर आंदोलकांवर तुटून पडले. (दोन दिवसांवर त्यांची सिनेटच्या उमेदवारीची निवडणूक होती, हेही ध्यानात ठेवा.) आणीबाणीसाठी आपण न्यायालयाचा आदेश मिळवू, असं ते म्हणाले. तो आदेश कधी मागितलाच गेला नाही. तरीही सगळ्या सभांवर बंदी आहे असं गार्ड आणि विद्यापीठ दोघांनीही धरलं आणि तशी १२,००० पत्रकं वाटली गेली. सोमवारी, ४ मेला, दुपारी जी सभा उधळायची ठरली ती त्या क्षणापर्यंत शांत होती. माझ्या लेखी जबाबदारीची पहिली पायरी ही. बंदीचा कायदेशीर आधार काय, हे लेखी विचारणारा त्या साखळीत कोणी नव्हता.

दुसरी पायरी शस्त्रांची. गार्डचे जनरल कँटरबरी यांच्या हाताखालच्या शंभरेक जवानांकडे अश्रुधूर होता आणि संगिनी लावलेल्या, भरलेल्या एम-१ रायफली होत्या. ही युद्धातली रायफल. तिची गोळी शेकडो मीटरवरच्या माणसालाही मारते. धूर संपला की पुढे संगीन किंवा गोळी, मधलं काहीच नाही. त्या दिवशी वाऱ्यामुळे धूर फारसा लागू पडला नाही. जवान टेकडी ओलांडून सरावाच्या मैदानात उतरले, तिथे कुंपणाने त्यांची वाट अडली. दहाएक मिनिटं त्यांनी दगड खाल्ले, मग ते परत टेकडी चढले. माथ्यावर, १२ वाजून २४ मिनिटांनी, २८ जण मागे वळले आणि किमान ६१ गोळ्या झाडल्या.

चार मृत, नऊ जखमी. मेलेले चौघे ८० ते १२० मीटर अंतरावर होते. सर्वांत जवळचा जखमी २० मीटरच्या आसपास, सर्वांत लांबचा सव्वादोनशे मीटरवर. ‘जिवाला धोका होता’ हा बचाव या आकड्यांपुढे ठेवून पाहा. १२० मीटरवरून भिरकावलेला दगड पोहोचतच नाही.

राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या स्क्रॅन्टन आयोगाने हा गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य ठरवला. विद्यार्थ्यांसमोर सरसकट भरलेल्या रायफली देण्याची प्रथा थांबली पाहिजे, हेही त्याने स्पष्ट लिहिलं. पण आयोगाला शिक्षा देता येत नाही. ओहायोच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) तर गार्डला मोकळं सोडून २५ जणांवर आरोप ठेवले, बहुतेक विद्यार्थी! १९७४ मध्ये आठ जवानांवर संघीय खटला उभा राहिला. तिथे नागरी हक्क हिरावण्याचा हेतुपुरस्सर इरादा सिद्ध करावा लागतो. तो झाला नाही, म्हणून न्यायाधीश बॅटिस्टी यांनी आठही जणांना निर्दोष सोडलं. मात्र या निकालाला गोळीबाराची भलामण समजू नका, असंही बजावलं.

म्हणजे फौजदारी न्यायालयाने ट्रिगरवरच्या बोटाच्या मनात काय होतं एवढंच तपासलं. रायफल भरून कोणी दिली, हा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही.

दिवाणी वाट थोडी रुंद होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘शॉयर विरुद्ध ऱ्होड्स’ या मृतांच्या कुटुंबीयांच्या दाव्यात गव्हर्नर आणि अधिकाऱ्यांना सरसकट संरक्षण नाही असं ठरवलं. (आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५१ नुसार, जमाव पांगवताना केलेल्या कृतीसाठी सैनिकावर खटला भरायला आधी केंद्राची मंजुरी लागते.) १९७५ च्या खटल्यात ज्युरीने प्रतिवादींची बाजू घेतली, पण एका ज्युरी सदस्याला धमकावल्याचं उघड झाल्याने तो निकाल अपिलात रद्द झाला. फेरसुनावणीत, जानेवारी १९७९ मध्ये तडजोड झाली: ६,७५,००० डॉलर आणि खेद व्यक्त करणारं निवेदन. त्यावर ऱ्होड्स यांच्यासह २८ प्रतिवादींच्या सह्या आहेत. पैसे ओहायो राज्याने भरले.